भोपळा लाल की दुधी?

पत्र (थोडं आटोपतं घेतलं आहे):

"ताई, मी मूळची सांगलीची. लग्नानंतर बदलापूरला आले, नोकरी फोर्टात. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या बदलापूर फास्टला, बायकांच्या सेकंड क्लासच्या डब्यात, आमचा सात-आठ जणींचा ग्रुप आहे. म्हणजे त्यांचा आहे, मी नंतर आले. या सगळ्या गाडीत भाजी निवडतात आणि बोलणं सगळं गवारीचं. 'साहेब जून निघाला', 'देठ काढ गं', 'जरा ओवा घाल', 'झालं, हिची शीर निघाली'. त्या हसतात म्हणून मीही हसते. निम्म्या गोष्टी कळत नाहीत. मध्यंतरी मी ऑफिसच्या सहलीचा किस्सा सांगत होते, तर एकीनं विचारलं, 'यात भोपळा किती?' आणि गेल्या आठवड्यात मी डब्यात शिरल्याबरोबर खिडकीतल्या काकू म्हणाल्या, 'आला गं, भोपळा आला!' सगळ्या खो खो हसल्या. मी अंगानं जाड आहे. लहानपणापासून ऐकत आलेय. त्या दिवसापासून मी पुढची गाडी पकडते. मी गावाकडची म्हणून हे गवार-गवार चाललंय का? त्यांना तोंडावर विचारू, की ग्रुपच सोडू?
— 'चौथी सीट', बदलापूर
ता. क. 'जून' हा शब्द नवऱ्याला फार आवडलाय. तो ऑफिसात वापरीन म्हणतो. वापरू दे का?"

प्रिय 'चौथी सीट',

पुढची गाडी पकडणं आधी बंद करा. हक्काची चौथी सीट सोडून बदलापूरपर्यंत दारात लोंबकळत जायचं, तेही एका भोपळ्यापायी? असला मान-अपमान मध्य रेल्वेवर परवडत नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात दोन भोपळे आहेत आणि तुम्ही दुसऱ्यावर रडत बसलात. पहिला नीट बघा. 'यात भोपळा किती?' हे तुमच्याकडे बघून म्हटलेलं नाही, तुमच्या किश्शाला म्हटलेलं आहे. गवारीच्या भाजीत लाल भोपळ्याच्या फोडी कशाला घालतात, आठवतंय ना? गवार अंमळ कडवट, त्यात कोरडी. भोपळ्यानं गोडवा येतो, आणि मुख्य म्हणजे पाव किलो गवारीची भाजी घरभर पुरते. तर यात भोपळा किती, म्हणजे घडलेलं किती आणि तू घातलेलं किती. पत्राचा जो भाग मी इथं छापलेला नाही त्यात तुम्ही त्या सहलीचं वर्णन केलंय. बस बंद पडली, ड्रायव्हर पळाला, मॅनेजरसाहेब शेतातून चालत आले आणि त्यांच्या मागे म्हैस लागली. ताई, त्या म्हशीबद्दल मलाही शंका आहे.

म्हणून माझा अंदाज असा, की 'आला गं, भोपळा आला' म्हणजे आली किस्सेवाली, आता कल्याणपर्यंत करमणूक. हे खरं असेल तर तुम्हाला ग्रुपमध्ये नुसती जागा मिळालेली नाही, कामही मिळालेलं आहे.

अर्थात मी त्या डब्यात नव्हते. काकूंनी तुमच्या अंगाकडे बघूनही म्हटलं असेल. बायका बायकांना असं बोलतात, आणि वर 'अगं, मस्करी केली' म्हणून मोकळ्या होतात. तेव्हा खात्री करून घ्यायची, पण 'तुम्ही मला हसलात का?' असं विचारून नव्हे. त्या प्रश्नाला या शहरात एकच उत्तर मिळतं, 'छे गं, तुला कोण हसतंय!' आणि नंतर मुंब्र्यापर्यंत सगळ्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात.

उद्या नेहमीच्या गाडीला जा. पिशवीतून पाव किलो गवार काढा, मांडीवर पेपर पसरा आणि पहिली शेंग मोडता मोडता, मान वर न करता विचारा: "काकू, भोपळा लाल की दुधी?"

बस, एवढंच. जी भाषा खेळतेय ती क्षणात उत्तर देईल, "लालच! गवारीत दुधी कोण घालतं?" आणि डबा हसेल, तुमच्यासकट. जिच्या मनात तुमचं वजन होतं तिला हे उत्तर सुचणार नाही. ती दुसरीकडे बघेल, नाहीतर उगाच पिशवी सारखी करेल. विचारायचं ते मात्र दादरच्या आधी. दादरला गर्दी आत घुसली की कुणाचं कुणाला ऐकू जात नाही, आणि तुमचा प्रश्न एखाद्या भाजीवालीला विचारलाय असं वाटायचं.

उत्तर वजनाचं निघालं तर एकच वाक्य: "काकू, वजनावरून नको." पुढे कारणं देऊ नका, थायरॉइड काढू नका, 'आमच्या घराण्यातच' वगैरे तर अजिबात नको. समोरून सारवासारव होईल ती ऐकून घ्या आणि विषय तुम्हीच बदला. पुन्हा झालं तर गाडी तीच ठेवा, डबा बदला. बायकांचा डबा गाडीला एकच नसतो.

मला वाटतं ती वेळ येणार नाही. का, ते सांगते.

गवारीचीच भाषा का, याचा मी बराच विचार केला (या सदराचे पैसे मला असल्या विचारांचेच मिळतात). भेंडी गाडीत चिरता येत नाही. सुरी लागते, तार सुटते, शेजारणीच्या ड्रेसला लागते. कांदा सोलला तर अख्खा डबा रडेल. मेथीचा पसारा फार, मटार मोसमापुरता. गवारीला फक्त दोन अंगठे लागतात. देठाकडचं टोक नखानं मोडायचं आणि तसंच खाली ओढायचं, की त्याच्याबरोबर कडेची शीर सरसर निघत येते. मग शेपटाकडून तेच. मग दोन किंवा तीन तुकडे. कोवळी शेंग कट् असा आवाज करून तुटते. जून शेंग तुटतच नाही, नुसती वाकते आणि सालीच्या एका धाग्यावर लोंबकळत राहते. हे करताना डोळ्यांचं काही काम नसतं, कानांचं तर नसतंच. म्हणजे तास-दीड तास हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. तिथं भाषा जन्मणार नाही तर काय!

आता तुमचं 'साहेब जून निघाला' घ्या. साहेब म्हातारा आहे, असा याचा अर्थ नाही. वरून हिरवागार, 'हो हो, तुमची रजा मंजूर समजा' म्हणणारा, आणि मोडायला गेलं की नुसता वाकणारा. हो म्हणतो, करत काही नाही. एवढं नेमकं वर्णन करायला मला अख्खं वाक्य लागलं, तुमच्या काकूंनी दोन अक्षरांत उरकलं. 'देठ काढ' म्हणजे सकाळी उठल्यापासून सांगू नकोस, मुद्द्यावर ये. 'शीर निघाली' म्हणजे एक गोष्ट ओढली आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत संपेचना. सासूचा विषय निघाला की हे ऐकू येत असणार. 'ओवा घाल' मला सगळ्यात आवडलं. गवार वातूळ म्हणून फोडणीत ओवा घालतात. तसं, बोललीस ते जड झालंय, पचेल असं काहीतरी पुढे बोल. दोघींचं वाजायची वेळ आली की तिसरीनं म्हणायचं हे वाक्य आहे. ज्या ग्रुपला भांडण मिटवायलाही शब्द सापडलाय, तो ग्रुप मुळात खवट नसावा.

'गावाकडची म्हणून गवार' ही शंका तर काढूनच टाका. तो टोमणा हिंदीतल्या 'गँवार'चा, म्हणजे अडाणी-गावंढळ म्हणण्याचा आहे, आणि तुमच्या डब्यातल्या निम्म्या जणींचं गाव सातारा, रत्नागिरी नाहीतर जळगाव असणार. कोण कुणाला गावठी म्हणणार? बाजारात 'गावठी गवार' म्हटलं की भाव वाढतो, तेवढं लक्षात ठेवा.

असली भाषा आपल्याला नवीनही नाही. नाकानं कांदे सोलणारे आपण रोज बघतो, वड्याचं तेल वांग्यावर निघताना बघतो, आणि गाजराची पुंगी वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली या धोरणावर कित्येकांची नोकरी चाललेली असते. मुंबईच्या पोरांनी त्यात भर घातली. खेळात ज्याला आउट धरत नाहीत तो कच्चा लिंबू, ज्याला कुणी विचारत नाही तो पावटा. भेंडीबद्दल मी इथं लिहीत नाही. ती कुठल्या शिवीच्या जागी बसलीय हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, फक्त आयांना माहीत नसतं अशी समजूत आहे.

भोपळ्याचा तर संसारच मोठा. परीक्षेत मिळतो तो भोपळा, भ्रमाचा फुटतो तो भोपळा, विळ्याशी ज्याचं जमत नाही तोही भोपळाच. पण लेकीकडे तूपरोटी खाऊन जाडजूड झालेली म्हातारी जंगलातून वाघाच्या नाकासमोरून घरी पोचली ती कशात बसून? टुणूक टुणूक भोपळ्यात. ही गोष्ट काकूंनाही पाठ असणार. वेळ पडली तर वापरा.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही न कळता हसता. शाळेत आपण 'च'ची भाषा बोलायचो, कविताची चविताक व्हायची, बाईंना कळू नये म्हणून. तिला नियम होता, तो कळला की घरी बसून सराव करता यायचा. गवारीच्या भाषेला नियमच नाही. तुम्ही खोटं हसता तेव्हा त्या बायकांना ते दिसत असतं. बायकांच्या डब्यात काय दिसत नाही! मग तुमच्या उपस्थितीत त्या नवीन शब्द काढायला कचरतात. हिला कळत नाही, आणि 'कळलं नाही' असंही ही म्हणत नाही. त्यापेक्षा सरळ चुकीचा वापरा. "काकू, आज गाडीला शीर निघाली" असं गाडी रखडल्यावर म्हणून टाका. चुकलं तर सातजणी मिळून दुरुस्त करतील, आणि दुरुस्त करताना अर्थही सांगतील. कदाचित तुमचाच वापर पुढे चालेल. असले शब्द असेच वाढतात. तुम्ही जे टोपणनाव घेतलंय ते तरी काय? बाकडं तिघांचं असतं, चौथी कडेला टेकते, आणि 'फोर्थ सीट द्या ना' हे सगळ्या मुंबईला कळतं. रेल्वेनं दिलेला शब्द नाही तो. गर्दीत उभं राहून पाय दुखलेल्या कुणीतरी पहिल्यांदा म्हटला असेल.

आणि पुढच्या महिन्यापर्यंत एक शब्द स्वतःचा घेऊन जा. सुचत नसेल तर माझ्याकडचा देते, फुकट. गवारीच्या बियांपासून डिंकासारखी पूड करतात, तिला ग्वार गम म्हणतात. ती आइस्क्रीम घट्ट राहावं म्हणून वापरतात. पुढच्या वेळी कोनाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचा. तीच पूड अमेरिकेत जमिनीखालचे खडक फोडून तेल-वायू काढताना पाण्यात मिसळतात. त्यामुळे एकदा मागणी अशी वाढली, की आपल्याकडे गवारीच्या बियांचे भाव गगनाला भिडले आणि मार्च २०१२ मध्ये वायदेबाजारातले गवारीचे सौदेच सरकारी नियामकाला थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले २०१३ मध्ये. राजस्थानातल्या शेतकऱ्यांना विचारा, त्यांना ते दिवस चांगले आठवत असतील.

तर शब्द: 'गवारीचा वायदा'. असा वायदा, जो ऐकताना भाव चढत चढत जातो आणि हातात यायच्या वेळी सौदा बंद. साहेबाची पगारवाढ, बिल्डरचं पझेशन, नवऱ्याचं 'या रविवारी नक्की माळा आवरतो'. गाडीत सांगताना आइस्क्रीमपासून सुरुवात करा, वायदेबाजार शेवटी आणा. आणि हो, भोपळा घाला थोडा. तुमच्याकडून ती अपेक्षाच आहे. फक्त म्हैस नको.

एक पथ्य मात्र स्वतःसाठी ठेवा, त्यांना शिकवायला जाऊ नका. माणूस जे करतो त्यावर शब्द काढला तर चालतो, कारण तो उलटा परत करता येतो. साहेबानं उद्या खरंच रजा दिली तर तो कोवळा ठरेल. माणूस जसा आहे त्यावर काढलेला शब्द परत करायची सोय नसते. 'जून' हा शब्द टाळाटाळ करणाऱ्याला लावला तर मी हसेन. लग्न न झालेल्या चाळिशीतल्या बाईला कुणी लावला तर माझी हसायची तयारी नाही, आणि तुम्हीही तेव्हा हसू नका. काही बोलला नाहीत तरी चालेल. हातातली शेंग मोडत राहा. या ग्रुपमध्ये सगळ्या हसताना एक हसली नाही, की बाकीच्यांना कळतं. तिथंच कुणीतरी ओवा घालेल.

डब्यातला शब्द त्या ग्रुपबाहेरच्या बाईवर, तिच्या समोर, तिला कळत नाही म्हणून वापरणं हेही वाईटच. धक्का देऊन चढणारी कोण, कुठली, कशानं घाईत आहे आपल्याला माहीत नसतं. तुम्ही स्वतः गेल्या आठवड्यात त्या जागी होतात, त्यामुळे जास्त सांगत नाही.

निवडलेल्या टोकांचा कचरा पेपरात गुंडाळून घरी न्या. खिडकीतून टाकू नका आणि सीटखाली सरकवू नका. तुम्ही टाकत असाल असं म्हणत नाही, पण कुणीतरी टाकतंय, कारण परवा डोंबिवलीला उतरताना माझ्या चपलेला अडकून गवारीचं देठ घरापर्यंत आलं.

राहता राहिला नवरा. त्याला सांगा, 'जून' ऑफिसात अजिबात वापरायचं नाही. तुमच्या गाडीतल्या सात-आठ जणींपैकी एकीचा नवरा, दीर किंवा भाचा त्याच्या ऑफिसात नसेलच कशावरून? साहेबापर्यंत अर्थ पोचायला दोन दिवस लागतील, आणि मग यंदाच्या पगारवाढीचा गवारीचा वायदा होईल. घरात मात्र वापरू दे. माळ्याच्या बाबतीत तुम्हीही त्याला वापरा.

तुमची,
ताई